पुनरागमन, पुनरुत्थान आणि प्रलय

एका अनुवादकाची पृच्छा अशी आहे की, येशू ख्रिस्त जगाच्या अखेरीस येणार या ख्रिस्ती श्रद्धेसाठी मराठीत ‘पुनरुत्थान’, ‘पुनरागमन’ आणि ‘द्वितीयागमन’ असे तीन शब्द आढळतात. त्यांपैकी कोणता घ्यावा, आणि त्या वेळच्या घडामोडींना ‘प्रलय’ म्हटले तर चालेल का?

‘पुनरुत्थान’ येथे चालणार नाही. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, हे पुनरुत्थान. ते श्रद्धावंतांच्या लेखी घडून गेलेले आहे आणि ईस्टर हा त्याचा सण आहे. घोटाळा होतो तो शेवटच्या दिवशी सर्व मृतांचेही पुनरुत्थान होणार असल्यामुळे. (‘कयामत’ हा शब्द आपण सर्रास सर्वनाश या अर्थाने वापरतो, पण त्याच्या अरबी धातूचा अर्थ ‘उभे राहणे’ असा आहे; म्हणजे तोही ‘उत्थाना’च्याच घरातला.)

‘पुनरागमन’ हा रूढ शब्द आहे आणि मी तोच घेईन. मात्र मराठी कानाला तो विसर्जनाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या ‘पुनरागमनाय च’ या शब्दांतून परिचित असतो, आणि तेथील येणे दरवर्षीचे आहे. ख्रिस्ताचे पुनरागमन एकदाच व्हायचे आहे, त्यानंतर न्याय आहे आणि पुढे काळाचे चक्र पुन्हा फिरत नाही, हा फरक मजकुरातच कुठेतरी स्पष्ट करावा लागतो.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, या घटनेसाठी वारंवार येणारा ग्रीक शब्द ‘पारुसिया’ हा आहे आणि गंमत म्हणजे त्यात ‘पुन्हा’ हा अर्थच नाही. ‘जवळ असणे’ हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून हजेरी, आगमन, आणि राजाने एखाद्या नगराला दिलेली भेट असेही अर्थ आले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात स्तेफना आणि त्याचे दोन सोबती भेटीस आले म्हणून पत्राचा लेखक पौल हा प्रेषित आनंद व्यक्त करतो, तेथेही हाच शब्द आहे. ‘द्वितीय’ ही मोजणी अगदीच निराधार नाही, कारण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त दुसऱ्यांदा दिसेल असे म्हटले आहे, आणि दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर दोन पारुसियांविषयी लिहितो. तरीही ‘द्वितीयागमन’ हा शब्द ग्रंथातच शोभतो. बोलताना तो जिभेवर अडखळतो.

‘प्रलय’ मात्र टाळावा. मराठी बायबलमध्ये ‘जलप्रलय’ हा शब्द नोहाच्या काळातील पुरासाठी आहे, त्यामुळे ख्रिस्ती वाचकाचे लक्ष मागे जाते. आणि हिंदू वाचकाला प्रलयानंतरची पुढील सृष्टी व पुढील कल्प आठवतात. ‘अंतकाळ’ही नको, कारण मराठीत अंतकाळ माणसाचा असतो, जगाचा नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘युगाची समाप्ती’ असा प्रयोग आहे, तो घ्यावा. तेथील ‘युग’ हे कलियुगासारखे चारांपैकी एक नाही, एवढे लक्षात असले म्हणजे झाले.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या ‘प्रकटीकरण’ या मराठी नावाबद्दल भाषांतरकारांना दाद द्यावीशी वाटते. त्याचे मूळ ग्रीक नाव ‘अपोकालिप्सिस’ म्हणजे आच्छादन दूर करणे. इंग्रजीत त्याच शब्दाला पुढे महाविध्वंसाचा अर्थ चिकटला. मराठी शब्द मुळाशी प्रामाणिक राहिला.

पौलाच्या वर उल्लेखिलेल्या अध्यायातच, पाच ओव्या पुढे, ‘मारानाथा’ हे अरामी भाषेतले शब्द ग्रीक पत्रात तसेच ठेवलेले आहेत. ‘मारान अथा’ असे तोडले तर ‘आमचा प्रभू आला आहे’, आणि ‘माराना था’ असे तोडले तर ‘हे आमच्या प्रभो, ये’. प्राचीन हस्तलिखितांत शब्द सलग लिहिलेले असल्यामुळे तोड वाचणाऱ्याने करायची. प्रकटीकरणाच्या अखेरीस ‘ये’ अशीच विनवणी असल्यामुळे मला दुसरी तोड अधिक पटते.