संकल्पनाचित्रातील बाणावरचा शब्द
आपण सातवीला प्रथमच विज्ञान शिकवणार आहात, म्हणून कळकळीने सांगतो: संकल्पनाचित्र (म्हणजे धड्यातील संकल्पना बाणांनी जोडून, बाणावर त्यांचा संबंध सांगणारे शब्द लिहून केलेली आकृती) फळ्यावर तयार काढून देऊ नका, कारण मुले ते वहीत जसेच्या तसे उतरवतात आणि विचार तिथेच थांबतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात ही पद्धत विकसित करताना दोन संकल्पनांना जोडणाऱ्या शब्दांना महत्त्व दिले होते. वर्गात नेमके तेच गाळले जातात. माझ्या एका विद्यार्थिनीने ‘ऑक्सिजन’पासून ‘प्रकाशसंश्लेषणा’कडे बाण काढून त्यावर ‘यासाठी लागतो’ असे लिहिले, तेव्हा श्वसनाशी झालेली तिची गल्लत मला त्या दोन शब्दांत स्पष्ट दिसली, जी रिकाम्या जागा भरून घेताना महिनाभर लपून राहिली होती. सुरुवातीला सहा-सातच संकल्पना द्या, आणि चित्र पेन्सिलीनेच काढून घ्या, म्हणजे धडा संपल्यावर मुलांना आपला बाण स्वतः खोडून फिरवता येईल.