सकाळी पोट दुखतं, अकराला थांबतं

मी समुपदेशक. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. सुट्टीभर मूल ठणठणीत होतं. शाळा सुरू झाली आणि रोज सकाळी पोट दुखायला लागलं. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला मळमळतं. दहा-अकरा वाजले की सगळं थांबतं आणि रविवारी तर काहीच नसतं. मग हे खरं की नाटक?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं एक कुटुंब हाच प्रश्न घेऊन आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आई, बाबा, आजी आणि पाचवीत गेलेली मुलगी. चौथीपर्यंत घराजवळची शाळा, आता मोठं हायस्कूल. मे महिना तिनं राधानगरीकडे मामाच्या गावाला काढला. रात्री बारापर्यंत अंगणात पोरांचा दंगा, सकाळी नऊला उठायचं, मग करवंदं, जांभळं, ओढा. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी एसटीनं परत. त्याच रात्री महाद्वार रोडला जाऊन दप्तर आणि रेनकोट, त्याच रात्री पुस्तकांना कव्हरं.

बाबा शिरोली एमआयडीसीत शिफ्टला. त्यांचं ठरलेलं होतं, "नाटकं लावल्यात तिनं. एकदा ठणकावलं की सरळ येईल." आजीचं उलटं, "पोरीच्या पोटात दुखालंय म्हंटल्यावर पाठवायची कशी ओ? एक दिवस ऱ्हाऊ दे की." आईला कामावर जायचं असायचं आणि दारात रिक्षावाले मामा हॉर्न वाजवत असायचे. एका पोटदुखीवर तिघांचे तीन निकाल लागायचे आणि मुलगी ते तिन्ही ऐकत बाथरूमच्या दाराशी उभी. शाळा सुरू झाल्यापासून निम्मे दिवस ती घरीच होती.

असं पोट दुखतं तेव्हा खरंच दुखतं, एवढं आधी मान्य करावं. आतड्यांच्या भिंतींमध्ये मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि मेंदूशी त्याचा सतत संवाद चालू असतो. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, कळ येते. परीक्षेच्या दिवशी दोनदा संडासला पळालेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून नाटक शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. पोट कशानं दुखतंय, हे शोधावं.

आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. समुपदेशकानं डॉक्टरांना वगळून पोटदुखीवर बोलूच नये, असं माझं मत आहे. त्यांनी तपासून बद्धकोष्ठाचं औषध दिलं. मुलांच्या पोटदुखीमागे हे कारण फार वेळा असतं.

पुढच्या भेटीत मी मुलीला "शाळेत काय त्रास होतो?" असं विचारलं नाही. त्याला "काही नाही" हेच उत्तर येतं. तिला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. गेट, वर्ग, पाण्याच्या टाक्या, मैदान, बाईंची खुर्ची, सगळं काढलं. मी म्हटलं, "आणि लघवीला कुठं जातीस?"

"जातच नाही."

"मग दिवसभर?"

"पाणीच पीत नाही मी."

जुन्या शाळेत स्वच्छतागृह वर्गाला लागून होतं. इथं मैदानापलीकडे. पहिल्या दिवशी ती गेली, तर एका दाराला कडी नव्हती आणि बाहेर मोठ्या वर्गातल्या मुली घोळका करून उभ्या. शिवाय तुकड्या बदलल्यामुळं जुनी मैत्रीण दुसऱ्या वर्गात, सोबत कोण येणार? म्हणून पाणी बंद. सकाळचा नाष्टाही बंद, कारण खाल्लं की जायला लागतं. आणि सगळं रोखून धरल्यानं बद्धकोष्ठ. पोट खरंच बिघडलं होतं आणि भीतीही खरी होती, दोन्ही एकमेकांना धरून.

आईनं वर्गशिक्षिकांना भेटून एवढंच मागितलं: मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी हिला वर्गातल्या एका मुलीबरोबर सोडा. बाईंनी लगेच मानलं. बहुतेक शिक्षक मानतात. "लक्ष ठेवा" असं मोघम सांगितलं तर त्यांनी तरी नक्की काय करायचं?

एवढ्यानं प्रश्न सुटला नाही, कारण झोप राहिली होती. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासननिर्णय २०२४ साली झाला. मुलांसाठी तो चांगलाच आहे. पण पाचवीला सकाळच्या सत्रातल्या हायस्कूलमध्ये गेलेल्या मुलाला सुट्टी संपताना एकदम दीड-दोन तासांची उडी मारावी लागते. ही मुलगी गेल्या वर्षी साडेसातला उठायची, यंदा पावणेसहाला. त्यात सुट्टीतलं नऊ वाजताचं उठणं मिळवा. सहा ते बारा वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर पावणेनऊला डोळा लागायला हवा, आणि या घरात जेवणाची पानंच साडेनऊला मांडली जायची.

"लवकर झोप" असं सांगून झोप येत नसते. उठण्याची वेळ आधी धरावी, झोप मागून येते. सुट्टीच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणली तर मुलाला कळतही नाही. इथं ती संधी गेली होती, म्हणून आम्ही थेट उठण्याची वेळ पक्की केली, रविवारीसुद्धा जास्तीत जास्त तासभर सूट. उठल्याबरोबर आजीनं तिला गच्चीत न्यायचं. पावसाळी आभाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि शरीराचं घड्याळ त्यानं अलीकडे सरकतं. मुलीचं ताट साडेसातला. मोबाइल आठनंतर आजीच्या उशाखाली. बाबांनी एकाच गोष्टीला खळखळ केली, रविवारी रात्रीचा तांबडा-पांढरा दुपारी घ्यायला. शेवटी घेतला.

राहिली सकाळ. तिथं ठरवलं की बोलायचं एकानंच, आईनं, आणि तेही एकच वाक्य: "दुखतंय ते कळतंय मला, औषध घेतलंयस, आपण निघूया." चर्चा नाही, रागावणं नाही, बक्षिसाचं आमिष नाही. आजीला हे जड गेलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय बघत बसू व्हय?" त्यांना डबा भरण्याचं आणि पाण्याच्या बाटलीवर खूण करून ती दुपारी तपासण्याचं काम दिलं. एखाद्या दिवशी घरी राहावंच लागलं तर टीव्ही, मोबाइल, विशेष खाऊ काही नाही. घरी राहून मिळालेली सुटका जितकी गोड, तितकी उद्याची सकाळ अवघड होते. पहिले काही दिवस आई प्रार्थनेपर्यंत गेटवर थांबली. निरोप मात्र झटकन घ्यायचा, वळून वळून बघायचं नाही.

दोन आठवड्यांत तक्रार बरीच कमी झाली. मग जुलैत पाऊस लागला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, शाळांना सुट्ट्या पडल्या. शाळा उघडली त्या सकाळी पुन्हा पोट! आईचा घाबरून फोन आला. असं होतंच, कोल्हापुरात तर पावसाळ्यात बऱ्याचदा होतं. सुट्टीच्या दिवसांत उठायची वेळ सुटली होती, तेवढी परत धरायला लावली. या वेळी दोन दिवसांत आवरलं.

पोट रात्री झोपेतून उठवत असेल, ताप, उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणं असं काही असेल किंवा सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल, तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे जा. आणि महिनाभरात मूल बहुतेक दिवस घरीच राहिलं असेल तर वर्ष संपायची वाट बघू नका.

फोन ठेवताना आईनं विचारलं, "दिवाळीत गावाला पाठवू नको का मग?" जरूर पाठवा म्हटलं. ओढा आणि अंगण सोडून सुट्टीत शिबिरांना जुंपलेली मुलं मला जास्त काळजीत टाकतात. फक्त शाळेच्या चार दिवस आधी परत आणा, आदल्या संध्याकाळच्या एसटीनं नको.