कोविडच्या काळात जीएनएम झालेल्या बहिणीने पुन्हा प्रशिक्षण घ्यावे का?

आपल्या बहिणीचे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, सोलापुरात कोविडच्या काळात झाले, बरीचशी पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातील प्रात्यक्षिके, ऑनलाइन उरकली गेली आणि आता वॉर्डात एकटीने ड्यूटी करायची तिला धास्ती वाटते, म्हणून तिने पुन्हा एखादा अभ्यासक्रम करावा का, असे आपण विचारले आहे. करू नये. मीही त्याच काळात शिकले आणि ‘कोविड बॅच का?’ हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीत ऐकून घेतला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

माझा प्रवेश २०१८ सालचा. मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामे करायला लावले आणि दुसऱ्या वर्षातले उरलेले प्रात्यक्षिक मी मोहोळ तालुक्यातील आमच्या घराच्या गच्चीवर, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून, मोबाइलवर पाहिले. वडिलांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेण्याचा सराव तेवढा झाला. तिसऱ्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ अपुरे पडू लागल्यावर आम्हाला शहरातील एका कोविड वॉर्डात घेतले.

तिथल्या चौथ्या नाइटला सोलापूरच्या पूर्व भागातील एक विडी वळणाऱ्या आजी माझ्याकडे होत्या. सगळे त्यांना अव्वा म्हणत. मुलाने फाटकाशी दिलेला डबा आपल्यापर्यंत पोहोचला की नाही, याची चौकशी त्या निम्म्या तेलुगूत, निम्म्या मराठीत करत होत्या. ऑक्सिमीटरवर ७८ दिसले. रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे सॅच्युरेशन, ७८ पर्यंत उतरलेला माणूस डब्याच्या गोष्टी करणार नाही, तो कासावीस होईल, असे मला पुस्तकाने शिकवले होते, म्हणून यंत्र बिघडले असावे असे धरून मी एकामागून एक तीन बोटे बदलली. यात चार-पाच मिनिटे गेली. पलीकडच्या खाटेवरून इन्चार्ज सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, बोटं काय बदलतेस? श्वास मोजलास का?” मी मोजला नव्हता. मिनिटाला ३४ होते, म्हणजे फारच जास्त. त्यांनी ऑक्सिजन वाढवला, मास्क बदलला, आम्ही दोघींनी अव्वांना पालथे झोपवले आणि अर्ध्या तासाने आकडा ९० वर आला. पहाटेपर्यंत मी त्यांच्या खाटेजवळून हलले नाही. पुढे त्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

कोणत्याही वॉर्डातील तक्ता उघडून पाहा, निम्म्या रुग्णांचा श्वास मिनिटाला २० लिहिलेला असतो, कारण कोणी मोजतच नाही. त्या रात्रीपासून मी पूर्ण एक मिनिट मोजते.

परीक्षेआधी आमची प्रोसिजर बुके, म्हणजे केलेल्या प्रत्येक प्रक्रियेची सहीनिशी नोंद ठेवायची पुस्तके, एका दुपारी भरून घेण्यात आली. मी कधीही न दिलेला एनिमा आणि कधीही न घातलेली राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) त्यात सह्यांसकट आहे, आणि काही तारखा तर मी गच्चीवर बसले होते त्या दिवसांच्या आहेत. पालथे झोपवणे, स्वतःला संसर्ग न होऊ देता पीपीई किट उतरवणे, दोन हातमोज्यांतून व्हेन (शीर) चाचपणे यांना मात्र त्या पुस्तकात रकाना नव्हता. मी ट्यूटर मॅडमना तसे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की ते काम होते, शिक्षण नव्हते. केंद्र सरकारने ३ मे २०२१ रोजी शंभर दिवस कोविड सेवा करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हा तरी त्यांचे मत बदलेल असे वाटले होते, बदलले नाही. माझे मत आजही असे आहे की ज्या रात्री अनुभवी सिस्टर शेजारी उभी राहून चूक दाखवते ती रात्र शिक्षणाची असते आणि ज्या दुपारी खोट्या सह्या होतात ती नसते, मग वेळापत्रकात काहीही लिहिलेले असो.

तेव्हा बहिणीला सांगा की तिने फी भरून वर्ष घालवण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सहा महिने काढावेत आणि जे येत नाही ते पहिल्याच दिवशी इन्चार्जला सांगावे. बहुतेक सिस्टर शिकवतात. जी लपवते तिला त्या शिकवत नाहीत.

आमच्यात उणिवा नाहीत असे मात्र नाही. किटच्या टोपीखाली कान झाकलेले असल्याने स्टेथोस्कोप लावता येत नसे, त्यामुळे छातीचे आवाज ओळखायला मी नोकरीत शिकले. लहान मुलांचा वॉर्ड जवळजवळ पाहिलाच नव्हता. आणि लेबर रूमला माझे वरचे काहीही लागू होत नाही. तिथली सवय कोविड वॉर्डात कितीही रात्री काढल्या तरी येत नाही. बहिणीला ती पोस्टिंग नीट मिळाली नसेल, तर तिने पहिली नोकरी प्रसूतिगृहात घेऊ नये, आणि घ्यावीच लागली तर निदान दोन महिने नाइटला एकटीने थांबू नये.