भावाला पोलीस ठाण्यात बोलावलंय. जायचं की नाही?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ एका खासगी कंपनीत हिशेबनीस होता. नुकतीच त्याने नोकरी सोडली आणि आता मालकांनी अफरातफरीची फिर्याद दिली आहे. काल त्याला व्हॉट्सॲपवर नोटिशीची पीडीएफ आली. त्यात भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६(४) आणि ३१८(४) लावली आहेत आणि परवा अकरा वाजता मोबाइल घेऊन हजर राहायला सांगितलंय. भावाने वडिलांच्या खात्यात पैसे पाठवले होते, म्हणून वडिलांनाही (वय ६६) फोनवरून बोलावलं आहे. काका म्हणतात, त्याने काही दिवस बाहेरगावी जावं. भावाने घाबरून मॅनेजरला ‘जे कमी असेल ते भरून देतो, प्रकरण वाढवू नका’ असा मेसेजही केला आहे. काय करावं?

उत्तर: ताई, काकांचा सल्ला सगळ्यात आधी मोडीत काढा. विश्वासघात आणि फसवणुकीच्या या दोन्ही कलमांना जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये आणि अटक हवीच असेल तर तिची कारणं नोंदवावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. अटकेची गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही नोटीस कलम ३५(३) मध्ये आहे. ठाण्यात आणि कोर्टातल्या वकिलांत अजून तिला जुन्या कायद्यातल्या कलमावरून ‘४१-अ’ म्हणणारे भेटतील, गोंधळू नका. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची झाली तर तपास अधिकाऱ्याला तशी कारणं लिहावी लागतात. नोटीस मोडली की हे संरक्षण गेलं, वर जामिनाच्या वेळी सरकारी वकिलांना ‘आरोपी फरार होता’ हे वाक्य आयतं मिळतं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली ही नोटीस रीतसर बजावलेली धरत नाहीत. सत्येंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आणि जुलैमध्ये त्यात बदल करायलाही नकार दिला. म्हणून घरी बसून राहायचं असं मात्र नाही. हा मुद्दा कोर्टासाठी राखून ठेवा, ठाण्याच्या दारात त्यावरून हुज्जत घालून काही हाती लागत नाही. आधी ठाण्यात फोन करून अधिकारी आणि नोटीस खरी असल्याची खात्री करा, कारण अशाच पीडीएफ पाठवून पैसे उकळणारे ठग भरपूर आहेत. मग वकिलाला सोबत घेऊन जा, नोटीस कागदावर मागा आणि घेतल्याची सही तारीख-वेळ घालून करा.

जाताना एक साधा अर्ज दोन प्रतींत न्या: ‘नोटिशीनुसार आज अमुक वाजता हजर झालो, तपासात सहकार्य करण्यास तयार आहे.’ एक प्रत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का घ्यायचा. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या’ हे ऐकायला मिळेलच. त्या दिवशी तर हा शिक्का हवाच, नाहीतर कागदोपत्री तुमचा भाऊ आलाच नव्हता. शिक्का नाकारला तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ठाण्याच्या ईमेलवर पाठवा.

चौकशीत वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण अटक झालेल्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ प्रमाणे त्याला मधे भेटण्याचा हक्क आहे. स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मुळे करता येत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर त्याने सही करायची नसते, कायदाच तसं म्हणतो. पंचनाम्याची गोष्ट वेगळी, त्यावर सही होते, पण वाचूनच. मोबाइल ठेवून घेतला तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा. त्यातलं काहीही डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपाहून जड जाऊ शकतो.

मला खरी काळजी त्या मेसेजची वाटते. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मॅनेजरला केलेल्या मेसेजला ते संरक्षण नाही. फिर्यादी पक्ष त्याचा स्क्रीनशॉट पहिल्या पानावर लावणार. माझ्या मते ती कबुली नव्हे. ‘जे कमी असेल ते’ म्हणजे मी पैसे घेतले, असा अर्थ होत नाही. पण हे पटवून देण्याची मेहनत आता वकिलाच्या माथी आली. यापुढे कंपनीतल्या कुणाशीही फोन नको, मेसेज नको. ‘स्टँप पेपरवर हमीपत्र लिहून द्या, मिटवून टाकू’ असं कुणी सुचवलं, मग ते ठाण्यात असो की बाहेर, तर तिथे सही करायची नाही. तडजोड करायची झालीच तर नंतर, वकिलांमार्फत आणि कोर्टापुढे.

वडिलांनी जायची गरज नाही. साठ वर्षांवरच्या माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब हवा असेल तर अधिकाऱ्याने घरी यावं (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९). वडिलांना बँकेचा उतारा काढून ठेवायला सांगा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी दरमहा ठरावीक रक्कम येत असेल, तर तो उताराच बोलेल.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज आजच तयार ठेवा. पुष्कळदा पोलीसच सत्र न्यायालयात सांगतात की नोटीस दिली आहे, अटकेची गरज नाही. ते निवेदन नोंदवून घेतलं तरी मोठा आधार होतो. धोका दुसरीकडे आहे. मालकांनी खोटी बिलं किंवा धनादेश पुढे केले आणि मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीचं न्याय संहितेतलं कलम ३३८ वाढलं, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि सात वर्षांचा सगळा युक्तिवाद कोसळतो. चौकशीत सह्या, व्हाउचर, चेकबुक यांचे प्रश्न येऊ लागले की त्याच संध्याकाळी वकिलाला कळवा.

तरीही अटक झाली, तर अटकेची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळायला हवीत, रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

आज रात्री भावाला बसवून सगळं लिहून काढायला सांगा, वर ‘माझ्या वकिलासाठी’ असं घालून. आपल्या वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं. रोकड कुणाच्या हातात असायची? हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन आणखी कुणाकडे होतं? नोकरी सोडताना चार्ज कुणी घेतला, तेव्हा तूट दाखवली का? विश्वासघाताच्या गुन्ह्यात ते पैसे त्याच्याकडे सोपवलेले होते, हे आधी फिर्यादीने दाखवावं लागतं. त्यामुळे नियुक्तीपत्र आणि चार्ज दिल्याचा कागद मिळतो का, तेही बघा.