तळ्याची पहाट

प्रश्न : दौंड तालुक्यात माझं दहा गुंठ्यांचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे. जुलैत कटला, रोहू, मृगळ मिळून तीन हजार बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडली. सध्या आभाळ भरून आलं की दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. चार-पाच मरतातही. औषध कोणतं टाकू? आणि याच तळ्यात शिंपले सोडून मोती घेता येतील का?

उत्तर : दादा, औषधाला एक रुपयाही घालू नका. तळाशी चरणारा मृगळसुद्धा वर येत असेल, तर पाण्यातला प्राणवायू संपलाय. हिरवं सूक्ष्म शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढतं. लिटरला 5 मिलिग्रॅम तरी हवा. ढगाळ दिवसानंतर तो पहाटेपर्यंत खाली उतरतो. मी एकदा अशाच आभाळात संध्याकाळी पेंड-कोंडा जरा सढळ हाताने टाकला आणि निवांत झोपलो. सकाळी काठाला पांढरी पोटं. न खाल्लेली पेंड कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते, हे मला त्या दिवशी कळलं.

आभाळ असेल त्या दिवशी खाद्य बंद. पहाटे तीनपासून मोटर लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा. रात्रपाळीच्या विजेला आपण एरवी शिव्या घालतो, इथे ती कामाला येते!

मूळ दुखणं मात्र गर्दीचं आहे. गुंठ्याला शंभर, म्हणजे तुमच्याकडे हजारभर मासे पुरेत. जास्तीचे काढून दुसऱ्या तळ्यात सोडा. तळ्यात शेणखत टाकत असाल तर थांबवा, त्यानं शेवाळ वाढतं. मग कोपरापर्यंत हात पाण्यात घाला: मनगट बुडतानाच पंजा दिसेनासा झाला तर शेवाळ फार, कोपर बुडेपर्यंत अंधुक दिसला तर बेताचं.

शिंपल्यांचं म्हणाल तर रत्नागिरीची कालवं-तिसऱ्या गोड्या पाण्यात जगत नाहीत. गोड्या पाण्यातले शिंपले जाळीच्या पिशवीत टांगता येतात, कारण कागदावर रुतायला चिखल नसतो. ते शेवाळ गाळून खातात, पण प्राणवायूही ओढतात. आधीच दम लागलेल्या तळ्यात आणखी वाटेकरी कशाला? मोत्यासाठी शिंपल्यात मणी बसवावा लागतो, त्यात बरेच दगावतात, शिवाय वर्षभर तरी थांबावं लागतं. 'मोती आम्हीच परत घेऊ' म्हणत आधी प्रशिक्षणाचे पैसे मागणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

हिवाळा सरला की पन्नास शिंपले टांगून बघा. तोवर मोटरचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) तपासून ठेवा, पहाटे तीनला तोच दगा देतो.