ग्यान्सी ते गंजीफ्रॉक

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ॲरन बेटांवरच्या जाड पांढऱ्या स्वेटरला आयरिश भाषेत 'बॉनीन' म्हणायचं की 'ग्यान्सी', आणि हे शब्द प्राचीन केल्टिक, म्हणजे आयरिशच्याच भाषाकुळातले, आहेत का, असा प्रश्न आहे. 'बॉनीन' म्हणजे न रंगवलेली पांढरट लोकर आणि तिचं कापड. 'बॉन' म्हणजे पांढरा. शब्द अस्सल आयरिश, त्यात वाद नाही. खरी गंमत 'ग्यान्सी'त आहे.

तो केल्टिक नाहीच! इंग्लिश खाडीत गर्न्झी नावाचं बेट आहे, विणकामासाठी सोळाव्या शतकापासून नावाजलेलं. खलाशांच्या घट्ट विणीच्या लोकरी अंगरख्याला त्याच बेटाचं नाव पडलं. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या तोंडी 'र' गळून 'गॅन्झी' झालं, आयर्लंडमध्ये 'ग्यान्सी'. तिथे आता कुठलाही स्वेटर ग्यान्सीच. या अंगरख्याचं इंग्रजी नाव काय? 'गर्न्झी फ्रॉक'. म्हणजे आपला गंजीफ्रॉक! बंगाल्यांची 'गेंजी'ही तीच. फ्रॉक तेव्हा मुलींचा नव्हता, कष्टकऱ्यांचा डोक्यातून घालायचा सदरा होता. तेव्हा गवताची गंजी नि गंजिफा यांच्याशी हा शब्द जोडणं आता पुरे. माझं तर ठाम मत आहे की तो आपल्याकडे पुस्तकातून नव्हे, गोदीतून आला. छापील स्पेलिंग वाचून घेतला असता तर 'गर्नसी' झाला असता. 'गंजी'तला 'ज' कानांनी ऐकलेल्या 'झ'चा आहे, आणि 'र' खलाशांनी आधीच गिळला होता.

दर घराण्याची वीण वेगळी आणि बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखत, ही कथा मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या 1904 साली रंगमंचावर आलेल्या 'रायडर्स टू द सी' नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्यावरून. साठ टाके घातले होते, त्यातले चार सुटले होते, हे तिला आठवतं. स्वेटरचा त्यात संबंध नाही. ऑक्सफर्डचे लोकरीचे व्यापारी हाइन्झ किवे यांनी तर ॲरन स्वेटरच्या नक्ष्यांत प्राचीन केल्टिक धर्मचिन्हं शोधली. त्याला पुरावा कसलाच नाही. वेणीदार नक्षीचा हा स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे घडला, आणि 1930 नंतर डब्लिनच्या दुकानांतून विकला जाऊ लागला.

जुना केल्टिक शब्द हवा असेल तर ॲरनचाच 'क्रिस' घ्या, म्हणजे कमरेचा रंगीत लोकरी पट्टा. तो विणायला हातमाग लागत नाही. विणणारी बसून ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक पायाला अडकवते आणि पाय ताणून धागे घट्ट ठेवते.