'बग' हा शब्द पतंग या किड्यापासून आला का?

प्रश्न असा आहे: प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' (इंग्रजीत किडा) का म्हणतात, आणि मशीनमध्ये खरंच किडा सापडला होता का?

किडा खरंच सापडला होता. पण शब्द त्याच्यापासून निघालेला नाही, तो आधीपासूनच होता.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत हमखास फोन येतो, "भाऊ, मोटार नुसती गुरगुरून राह्यली, उचलतच नाई." शेतात जाऊन स्टार्टरचं झाकण काढलं की कितीदा तरी कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये पाल चेपलेली दिसते, नाहीतर मुंग्यांनी घर केलेलं असतं. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं आणि ते पॉइंट ओढून घेतं. पॉइंट टेकले की मोटारीला तिन्ही फेज मिळतात. मधे पाल आली की एक फेज टेकत नाही. मोटार चांगली, केबल चांगली, विहिरीला पाणीही आहे, तरी वावर कोरडं. तशीच गुरगुरत ठेवली तर वायंडिंग जळतं ते वेगळंच.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातली 'मार्क टू' ही मशीन, म्हणजे जुन्या काळचा संगणक, अशाच पॉइंटवर चालायची. तिच्यात हजारो रिले होते. रिले म्हणजे आपल्या कॉन्टॅक्टरचा लहान भाऊ समजा: चुंबक ओढतं, पॉइंट टेकतात किंवा सुटतात, आणि त्या टेकण्या-सुटण्यावरच सगळा हिशोब चालतो. ९ सप्टेंबर १९४७ ला पॅनल 'एफ'मधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीनं लावला. वेळ दुपारी ३.४५ ची. खाली लिहिलं, 'बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिलीच घटना.'

यातला 'प्रत्यक्ष' हा शब्द नीट वाचा. बग हा शब्द त्यांच्या तोंडी नसता, तर असं कुणी कशाला लिहिलं असतं? रोज ज्याला बग म्हणतो तो आज खराखुरा हाती लागला, याचा आनंद त्या ओळीत आहे. एडिसननं १८७८ मध्येच एका पत्रात आपल्या यंत्रांमधल्या बारीकसारीक दोषांना आणि अडचणींना 'बग' म्हणतात, असं लिहून ठेवलंय. 'डीबगिंग', म्हणजे दोष शोधून काढणं, हा शब्दसुद्धा १९४५ मध्ये विमानाच्या इंजिनांबद्दल छापून आला होता.

माझ्या मुलीच्या क्लासच्या नोट्समध्ये 'ग्रेस हॉपर यांनी १९४५ मध्ये किडा शोधला व बग हे नाव दिले' असं छापलंय. या एका वाक्यात तीन चुका आहेत, आणि परीक्षेत पोरं तेच लिहितात याचं मला फार वाईट वाटतं. साल १९४७. पतंग हॉपरबाईंनी काढलेला नाही. त्या 'मार्क टू'च्या गटात काम करत होत्या आणि पुढे हा किस्सा त्यांनी ठिकठिकाणी सांगितला, म्हणून तो त्यांच्या नावावर जमा झाला. नावाचं तर वर आलंच. हॉपरबाईंचं खरं काम याहून फार मोठं आहे. माणसाला वाचता येईल अशा शब्दांत प्रोग्राम लिहावा आणि त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर मशीननंच करावं, हा आग्रह त्यांनी धरला. कोबोल भाषा त्याच वाटेनं आली. नोट्समध्ये ते छापायला हवं होतं.

प्रोग्राममधली चूक दुरुस्त करणाऱ्या तुकड्याला 'पॅच' म्हणतात, त्या शब्दाची गोष्ट मात्र सरळ आहे. तेव्हा प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. चुकीचं भोक पडलं की वरून कागदाचा तुकडा चिकटवून बुजवायचे. म्हणजे आपलं ठिगळच. मोबाईलमध्ये अपडेट येतं, त्यातला पॅच तो हाच.

ती नोंदवही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पतंग अजून त्या पानावर चिकटलेला आहे. पानाचा फोटो ऑनलाइन सहज मिळतो, मुलांना तो नक्की दाखवा.